वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, सहीच्या जरा वर, एक रकाना असतो. वर्तणूक. अंगठ्याएवढी जागा. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्या जागेत मी एकच शब्द लिहीत आले, नाहीतर कारकुनानं लिहिलेल्या त्या शब्दाखाली सही करत आले. चांगली.

सुरुवातीला एकदा हात अडला होता. सातवीतल्या एका मुलानं दुसऱ्याचा दात पाडला होता, कुणाच्या तरी दप्तरातले पैसे उचलले होते, आणि त्याचा बाप दाखला न्यायला दारात उभा होता. तेव्हाचे आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, लेकराच्या जन्माला डाग लावून कुणाचं भलं झालंय? चांगली लिहा." मी लिहिलं. आजही मला ते बरोबरच वाटतं. बारा वर्षांच्या पोराचं एक वर्ष कागदावर कायमचं चिकटवून ठेवू नये.

पण मोठ्यांचं काय? ज्यांच्या हातात गावाचा शिक्का आहे, हजेरीचं मस्टर आहे, परीक्षेचं सीलबंद पाकीट आहे, ज्यांच्या एका सहीनं कुणाची विहीर मंजूर होते आणि कुणाची राहते, त्यांच्याही नावापुढं आपण न बघता हाच शब्द लिहीत आलो आहोत. निवृत्तीनंतर हातात वेळ आला तसं हे मला फार टोचायला लागलंय. आणि लिहिणाऱ्याला त्यात पैसा मिळतो असंही नाही. माणूस आपला असतो, एवढंच.

'आपला माणूस' हे आमच्याकडं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. लग्नात, मयतीला, पारावर, एसटीत ऐकू येतं, "काय का असंना, आपल्या माणसाला रिकाम्या हातानं नाही पाठवत." लाच खाणाऱ्याला मागून का होईना शिव्या बसतात. आपल्या माणसासाठी नियम वाकवणारा मात्र देवमाणूस ठरतो, त्याच्या वाढदिवसाचे फलक लागतात. काही जण म्हणतात, ही निजामाच्या राज्यातली सवय. अधिकाऱ्यापुढं नजराणा ठेवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही रीत तेव्हाची. मला हे पटत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेलं, त्याला पाऊणशे वर्षं उलटली. आणि त्याच निजामाच्या राज्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईला शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ होते, अंगावरच्या वस्त्रापलीकडं स्वतःचं काही न ठेवता त्यांनी निजामाविरुद्धचा सगळा लढा चालवला. वारसाच सांगायचा तर तोही आपलाच आहे.

मला जी वर्तणूक कळते ती अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, मस्टरातून.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमचं गाव कळंब तालुक्यातलं, मांजरेच्या अंगाचं. मांजरेच्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायचो. घरात मिलो ज्वारीची लाल भाकरी, कामावर सुकडी. पुढं कुठंतरी वाचलं की १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. त्यातली तीनेकशे आमच्या गावाजवळच्या पाझर तलावावर. अण्णा सातवी पास, अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्यांना मस्टर लिहायचं काम मिळालं.

ते मस्टर मला आजही दिसतं. लांबलचक कागद, डावीकडं नावं, पुढं दिवसांची घरं. अण्णा बाभळीच्या तुटक्या सावलीत मांडीवर पाट घेऊन बसायचे. सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा नाव पुकारायचे, बाई किंवा गडी नजरेला पडला तरच घरात रेघ ओढायचे. नुसता "आलेय ओ" असा आवाज आला तर मान वर करून बघायचे. पगाराच्या दिवशी शाईचा पॅड मधे ठेवलेला असायचा. बाया एकेक करून अंगठा द्यायच्या आणि बोटाची शाई डोक्याच्या केसांना पुसायच्या. दिवसभराच्या मातीनं केस आधीच भुरे झालेले, त्यात ती जांभळी शाई.

पैसे कसे ठरायचे हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. दहा-बारा जणांची एक टोळी. टोळीनं खणलेल्या खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट तसाच सोडायचा, त्यावरून खोली मोजायची. आठवड्यात जेवढी माती निघाली तेवढ्याचा दाम, आणि तो दाम टोळीतल्या नावांमध्ये हजेरीप्रमाणं वाटायचा. म्हणजे मस्टरावर एक नाव जास्त चढलं तर सरकारचं एक पैसाही जादा जात नव्हता. जायचं ते बाकीच्या बायांच्या ओंजळीतून, आणि त्यांना पत्ताही लागायचा नाही.

माझी आत्या शेजारच्या गावात दिलेली. नवरा आजारी, अंथरुणाला खिळलेला. ती त्याच कामावर होती, दिवस भरत आले तरी घमेलं उचलत होती. मग बाळंत झाली. घरात दाणा नाही. आठव्या की नवव्या दिवशी ती ओली बाळंतीण डोक्याला फडकं बांधून आमच्या दारात आली. मी चुलीपाशी होते, सगळं ऐकलं.

"दादा, माज्या नावाम्होरं धा-बारा रेघा वढ. पुढल्या पंधरवड्यात मी दुप्पट काम करीन. दोन रेघांनी सरकार बुडतंय व्हय?"

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सरकार न्हाई बुडत गं बाई. तुज्या टोळीतल्या त्या धा जणी बुडत्यात."

घरात जी दोन पायली मिलो होती त्यातली एक त्यांनी तिच्या पदरात घातली. मायनं त्यावरून आणि रेघा न ओढण्यावरून, दोन्हींवरून त्यांच्याशी भांडण काढलं. तिचंही बरोबर होतं. घरातले दाणे दिले ते आमच्या तोंडचे होते. आत्या पायली घेऊन गेली, पण पुढं सहा वर्षं भाऊबीजेला आली नाही. अण्णा दर भाऊबीजेला अंघोळ करून, टोपी घालून, पाट मांडून दुपारपर्यंत बसायचे. त्यांना कुणी हसलं नाही, पण गावात कुणी त्यांना चांगलंही म्हटलं नाही. "सख्ख्या बहिणीचा झाला नाही," हेच मी मोठी होईपर्यंत ऐकत आले.

त्याच उन्हाळ्यात पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ पंधरा नावांची यादी घेऊन आले होते. ती नावं मस्टरावर चढली नाहीत. पुढच्या आठवड्यात मस्टर दुसऱ्याकडं गेलं आणि अण्णा खडी फोडायला बसले. याचं त्यांना फार दुःख झाल्याचं मला आठवत नाही. आत्याचं मात्र शेवटपर्यंत होतं. परक्याला नाही म्हणणं त्यांना जड गेलं नाही; आपल्या माणसाला नाही म्हणाले, आणि ते त्यांच्या अंगात रुतून बसलं. सार्वजनिक जीवनातल्या सचोटीबद्दल मी पुष्कळ भाषणं ऐकली, शिक्षकदिनाला स्वतःही केली, पण ही किंमत कुणी बोलून दाखवत नाही.

मी बी.एड.ला औरंगाबादला होते तेव्हा, १९८६ च्या मार्चमध्ये, मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांनी राजीनामा दिला. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचे, म्हणजे आमच्या मराठवाड्याचेच. मुख्यमंत्री होऊन वर्षही पुरं झालं नव्हतं. मुलीच्या एम.डी.च्या परीक्षेतल्या गुणांचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयानं ताशेरे ओढले आणि पद गेलं. त्यांनी आपला हात असल्याचं नाकारलं होतं. गुण कुणी, कुणाच्या सांगण्यावरून बदलले आणि पुरावा कुठवर पोचतो, यावर न्यायालयांतही पुढं बराच खल झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यात न्यायमूर्तींनी म्हटलं होतं की सार्वजनिक जीवनाची पातळी सतत खाली चालली आहे, आणि मूल्यांचं प्रदूषण हे हवापाण्याच्या प्रदूषणाइतकंच घातक आहे.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हाची आठवते ती आमच्या खोलीवरची चर्चा. आम्ही चौघी मैत्रिणी, चौघीही खेड्यातल्या, चौघींच्याही बापांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलेल्या. एक जण म्हणाली, "बापानं लेकीसाठी केलं असलं तर काय झालं? आपल्या बापाला जमलं असतं तर त्यानं केलं नसतं का?" कुणीच लगेच उत्तर दिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं अण्णा आले आणि मला एकदम वाटलं, नसतं केलं. पण मी ते बोलले नाही. ते बोलणं म्हणजे मैत्रिणीच्या बापाला कमी लेखणं झालं असतं.

त्या वेळी मला एक गोष्ट उमजली नव्हती. वरच्या माणसानं सांगावंच लागतं असं नाही. खुर्ची इतकी मोठी असते की तिच्या सावलीतली माणसं न सांगता ओळखतात. साहेबांची मुलगी आहे, एवढं पुरतं. म्हणून "मी कुणाला सांगितलं नव्हतं" हे मोठ्या पदावरच्या माणसाचं उत्तर पुरेसं होत नाही. "मी आधीच बाजूला झालो होतो", हे असलं तर उत्तर.

निलंगेकरांच्या जागी आले ते नांदेडचे शंकरराव चव्हाण. जायकवाडी म्हटलं की त्यांचं नाव निघतंच. मंत्रालयात शिस्त लावायला बघायचे म्हणून त्यांना हेडमास्तर म्हणायचे. लोक ते चिडवायला म्हणायचे. मला शिक्षिका म्हणून त्या नावाचा अभिमान वाटायचा. त्यांची एक गोष्ट आमच्याकडं फार कमी जणांना माहीत आहे. ४ मार्च १९९७ ला राज्यसभेनं नीतिमत्ता समिती नेमली. खासदारांच्या वर्तणुकीसाठी अशी समिती देशातल्या कुठल्याच विधिमंडळात त्याआधी नव्हती. तिचे पहिले अध्यक्ष शंकरराव. खासदारांनी कसं वागावं याची १४ कलमांची आचारसंहिता त्या समितीच्या कामातून आली. स्वतःचं हित आणि लोकांनी टाकलेला विश्वास यांत टक्कर झाली तर स्वतःचं हित मागं घ्यावं. मत देण्यासाठी, प्रश्न विचारण्यासाठी काही घेऊ नये. २००५ च्या डिसेंबरात प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून दोन्ही सभागृहांतल्या मिळून ११ जणांची खासदारकी गेली, तेव्हा या साध्या वाक्यांचं वजन लोकांना कळलं.

त्या चौदांतलं मला सगळ्यात आवडणारं कलम अगदी छोटं आहे. ज्या माणसाची किंवा संस्थेची आपल्याला स्वतःला माहिती नाही, तिला प्रमाणपत्र देऊ नये. वाचलं तेव्हा मी दाखल्यांच्या गठ्ठ्यावर सह्या करत बसले होते. चांगली, चांगली, चांगली.

इंग्लंडमध्येही साधारण त्याच काळात, १९९५ ला, लॉर्ड नोलन यांच्या समितीनं सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वं मांडली. पहिलंच तत्त्व निःस्वार्थतेचं, आणि त्यात स्वतःसाठी एवढ्यावर न थांबता कुटुंबासाठी आणि मित्रांसाठीही फायदा बघू नये असं लिहिलं. म्हणजे आपला माणूस तिकडंही आहे. बरं वाटलं वाचून.

कायदे आपल्याकडं कमी नाहीत. सरकारी नोकरांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, त्यात 'नितांत सचोटी' असा सुंदर शब्द आहे. दफ्तरदिरंगाईच्या २००५ च्या कायद्यानं सांगितलंय की कुठलीही फाइल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. ग्रामपंचायत सदस्याचा पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात प्रत्यक्ष वा आडून हितसंबंध असेल तर त्याचं सदस्यत्व जातं, हेही कायद्यातच आहे. आमच्या गावच्या सिमेंट रस्त्याचं काम कुणाच्या साडूकडं होतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तक्रार कुणी केली नाही. मीही नाही. सदस्य माझा विद्यार्थी होता, दर गुरुपौर्णिमेला पाया पडायला यायचा.

पण मला जे सांगायचंय ते याहून अवघड आहे, आणि ते माझं स्वतःचं आहे.

मी ज्या खासगी अनुदानित शाळेत होते ती बीड जिल्ह्यातली. दसरा झाला की गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रकमध्ये भांडी, चिपाडं, कोंबड्या, म्हातारी आणि लेकरं. कोल्हापूर, सांगली, थेट कर्नाटकापर्यंत. एप्रिल उजाडेपर्यंत गाव अर्धं रिकामं. वर्गात बाकं मोकळी पडतात.

शाळेचा सगळा डोलारा पटावर उभा. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर होताना, तुकडी जाते, तुकडी गेली की शेवटी लागलेला शिक्षक अतिरिक्त ठरतो. आमच्याकडं तेव्हा शेवटी लागलेला एक तरुण शिक्षक होता, दोन लहान मुलं, बायको आजारी. स्टाफरूममध्ये कुणी हुकूम सोडला नाही, कुणी धमकावलं नाही. चहा पिता पिता एवढंच म्हटलं गेलं, "हजेरी सांभाळून घ्या सगळ्यांनी. आपलाच माणूस आहे." आम्ही माना हलवल्या. मनापासून हलवल्या. एका भल्या माणसाची भाकरी वाचवतोय, असंच वाटत होतं.

आणि मी, अण्णांची मुलगी, रिकाम्या बाकाकडं बघत 'ह' लिहायला लागले.

'ह' रोज चाळीसदा लिहिला की त्याचं अक्षर राहत नाही, नुसता एक वळसा होतो, शेपटासारखा. शाई न उचलता खालपर्यंत घरं भरत जायची. पाचवीत एक मुलगी होती. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. तेरापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायची, एकोणिसाला अडायची. ती २००९ च्या दिवाळीच्या तोंडावर आईबापाबरोबर गेली, धाकट्या भावाला सांभाळायला. मी तिला एप्रिलपर्यंत हजर ठेवलं. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. त्या वर्षीही ती सहावीच्या हजेरीत होती.

त्याच हिवाळ्यात पंचायत समितीकडून एक तक्ता आला होता. हंगामी वसतिगृह सुरू करायचंय. आईबाप ऊसतोडीला गेलेली पण आजी-आजोबांजवळ, गावातच ठेवता येतील अशी मुलं किती, त्यांची जेवणाची-राहण्याची सोय करू. स्थलांतर होणाऱ्या मुलांची संख्या, वर्गवार. तो तक्ता भरायला माझ्याकडं आला. माझ्या वर्गात तर सगळी मुलं हजर होती. माझ्याच अक्षरात हजर होती. आता दहा मुलं गेलीत असं कसं लिहिणार? मी शून्य लिहिलं. बाकीच्यांनीही शून्य लिहिलं. त्या वर्षी आमच्या गावात वसतिगृह झालं नाही.

मस्टरावरच्या जादा नावामागं कुणाची ओंजळ रिकामी होते हे नऊ वर्षांची असताना मी चुलीपाशी बसून ऐकलं होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी मला ते आठवलं नाही. आम्ही ज्याची नोकरी वाचवली तो रोज समोर बसून डबा खात होता. जिचं शिक्षण गेलं ती दोनशे मैलांवर उसाच्या फडात होती, ती कुणाच्या दारात येऊन विचारणार नव्हती.

२०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखेला, राज्यभर पटपडताळणी झाली. त्याआधी नांदेड जिल्ह्यात ती करून बघितली होती, आणि पटावर किती पोकळ नावं आहेत हे उघड्यावर आलं होतं. आमच्याकडं पथक सकाळीच आलं. नाव पुकारायचं, मूल पुढं येणार, बोटाला शाई लावणार. मतदानासारखी. मुलांना मजा वाटत होती, एकमेकांना बोटं दाखवत होती. सातवीच्या वर्गात तिचं नाव पुकारलं गेलं. एकदा. मग दुसऱ्यांदा, जरा मोठ्यानं. पथकातल्या त्या बाई मान वर करून वर्गभर बघत होत्या, अगदी अण्णा बघायचे तसं. ४२ च्या पटावर ३१ बोटं निळी झाली. मी खिडकीपाशी उभी होते. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही.

२०१३ ला मी मुख्याध्यापिका झाले. २०१५ च्या उन्हाळ्यात केजच्या बसस्थानकावर एक मुलगी पुढं आली, माझ्या पाया पडली. "बाई, वळखलं का?" कडेवर बाळ होतं. तिचं स्वतःचं. सोळा वर्षांची असेल. हसत होती. मला भेटून तिला खरोखर आनंद झाला होता, कारण तिला काहीच माहीत नव्हतं. मी तिच्या बाळाच्या हातावर शंभराची नोट ठेवली. बस आली, ती गेली. मी तशीच उभी राहिले, दोन गाड्या सोडल्या.

त्यानंतरच्या मार्चमध्ये, २०१६ ला, माझ्या भावाचा मुलगा दहावीला होता आणि आमच्याच केंद्रावर त्याचा नंबर आला. केंद्रसंचालक मी. घरात आनंदीआनंद. "आता काय, आत्याच आहे." मी मंडळाला पत्र दिलं, की माझा भाचा या केंद्रावर परीक्षेला आहे, मला या जबाबदारीतून मोकळं करावं. नियमच आहे तो. मी काही वेगळं केलं नाही. पण भाऊ घरी आला, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आक्का, मी कुठं म्हणलो त्याला कॉपी पुरव म्हणून? पोरगं हुशार आहे माझं. तू त्याच्यावर आधीच शिक्का मारलास."

तो खरं बोलत होता. त्यानं काहीच मागितलं नव्हतं. पण मला माझे पर्यवेक्षक ठाऊक होते. मॅडमचा भाचा म्हणून त्याच्या बाकाजवळून ते दहा मिनिटं लांब राहिले असते, न सांगता. कुणीतरी पाणी द्यायच्या निमित्तानं वाकलं असतं. कॉपीविरोधी कायदा १९८२ चा आहे, भरारी पथकं आहेत, बैठी पथकं आहेत. आपल्या माणसाकडं पाठ फिरवून उभा राहिलेला पर्यवेक्षक यातल्या कशातच सापडत नाही. मी भावाला हे समजावलं. त्याला पटलं नाही. पोरगं ७८ टक्क्यांनी पास झालं, आणि ते ७८ टक्के पूर्ण त्याचे आहेत, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं तेव्हा कुठं त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. भावाचं बोलणं अजून तुटकच आहे. अण्णांसारखी मीही भाऊबीजेला वाट बघते, फक्त मी ओवाळणारी आहे.

आत्याचं सांगायचं राहिलं. सहा वर्षांनी ती आली होती, कुणी बोलवायला न जाता. अण्णा पाटावर बसले होतेच. तिनं ओवाळलं, अण्णांनी ताटात लुगडं ठेवलं, ते त्यांनी दर वर्षी आणून ठेवलेलं असायचं, सहा लुगडी साठली होती. दोघंही त्या दुष्काळाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. अण्णा गेले तेव्हा ती नव्वदीच्या घरात होती. तेराव्याला आमच्या ओसरीत बसून ती आपल्या नातवंडांना सांगत होती, "त्यानं माजी रेघ वढली न्हवती बरं का." कशा सुरात सांगत होती ते मला आजही नक्की लावता येत नाही. राग असावा. पण तिनं ते तीनदा सांगितलं.

मुख्याध्यापिका असताना स्थलांतराचा तक्ता मी स्वतः भरायची. २०१९ ला १९ मुलांची यादी गेली, समाजमंदिरात वसतिगृह भरलं, रात्री मुलं पाढे म्हणायची ते रस्त्यावर ऐकू यायचं. एक तुकडी गेली. एक शिक्षिका अतिरिक्त ठरली, तिचं दुसऱ्या तालुक्यात समायोजन झालं, रोज दीड तास बसनं जायची. तिच्यापुढं उभं राहायला मला त्रास व्हायचा. तिनं मला कधी बोल लावला नाही, आणि मीही तिला काही समजावायला गेले नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात एक बाप मुलीचा दाखला न्यायला आला. कर्नाटकातल्या कारखान्यावर कायमचंच राहायला चालला होता. कारकुनानं दाखला तयार करून आणला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात नेहमीप्रमाणं, पालकांच्या विनंतीवरून.

"दुसरा फॉर्म घ्या," मी म्हटलं. "लिहा, पालक ऊसतोडीसाठी स्थलांतरित."

"मॅडम, असं कुणी लिहीत नाही. वरून विचारतील."

"विचारू द्या."

त्यानं दुसरा लिहिला. मी सही केली, शिक्का मारला. बापानं नोंदवहीत अंगठा दिला आणि बोटाची शाई केसांना पुसली. मग दाखला हातात घेऊन उलटासुलटा करत म्हणाला, "मॅडम, वर्तणुकीत काय लिवलंय?"

मी तो कागद त्याच्या हातातून घेऊन मुलीपुढं धरला. ती चौथीत होती. तिनं बोट ठेवून, रकान्यारकान्यावर थांबत, आधी स्वतःचं नाव वाचलं, मग आईचं, मग जन्मतारीख, मग कारण, आणि मग तो शब्द. मोठ्यानं वाचला.